फोल्डर नीट आहेत म्हणून कोड नीट होत नाही

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, की आमचा नवा कोड म्हणजे नवी मुंबई, सेक्टर पाडून बसवलेला, आणि जुना प्रोजेक्ट म्हणजे ठाण्याचा गजबजलेला जांभळी नाका. ऐकायला बरं वाटतं पण मला ते पटत नाही, कारण सिडकोने आखले तसे फोल्डर आखले की झालं आर्किटेक्चर, म्हणजे कोडची रचना, असा समज त्यातून पसरतो. फोल्डर कुणीही पाडेल, खरा प्रश्न असा की कोडच्या एका तुकड्याला दुसऱ्याच्या पोटातलं किती माहीत आहे.

हे सगळ्यात छान मांडलं संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी, १९७२ मध्ये. त्यांनी एक छोटा प्रोग्राम घेतला: ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी टाकत ओळ फिरवत राहायची, आणि तयार झालेल्या सगळ्या ओळी अक्षरानुक्रमे लावून छापायच्या. याचे तुकडे आधी कामाच्या क्रमाने पाडले, वाचणारा, फिरवणारा, लावणारा, छापणारा. दिसायला एकदम सुटसुटीत. पण ओळी मेमरीत नेमक्या कशा ठेवल्यात हे या प्रत्येकाला माहीत असावं लागतं, म्हणजे उद्या ती पद्धत बदलली की सगळे तुकडे उघडा. मग त्यांनी दुसरी वाटणी केली, उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका तुकड्यात लपवायचा. ओळी कशा ठेवल्यात ते फक्त साठवणाऱ्या तुकड्याला ठाऊक, बाकीच्यांनी त्याला एवढंच म्हणायचं की तिसऱ्या ओळीच्या पाचव्या शब्दातलं दुसरं अक्षर दे. आता पद्धत बदला, एकच तुकडा उघडावा लागतो! मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते, कारण यात प्रोग्राम काय करतो यापेक्षा उद्या त्यात काय बदलेल याचा विचार आधी आहे.

हे न केल्याचं उदाहरण म्हणजे वायटूके, सन २००० उजाडताना आलेली तारखांची अडचण. मेमरी महाग होती म्हणून वर्ष दोनच आकड्यांत लिहायचे, ९९ नंतर ००, आणि ते २००० की १९०० हे कॉम्प्युटरला कळेना. तो निर्णय त्या काळी मूर्खपणाचा नव्हताच, पण तो एका जागी न राहता व्याज, पेन्शन, बिलं, रिपोर्ट सगळीकडे झिरपला, जो तो आपापली वजाबाकी करत बसला, आणि मग जगभर कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या ओळी एकेक करून तपासाव्या लागल्या, त्यातलं बरंच काम भारतीय कंपन्यांनी केलं. तेव्हा लोक विमानं पडणार, जगबुडी होणार म्हणत होते, आणि तसं काही झालं नाही म्हणून आता ते सगळं थोतांड होतं म्हणतात. दोन्ही चूक. बिघाड खरा होता, वेळेत दुरुस्त केला म्हणून मोठं काही झालं नाही.

असा अस्ताव्यस्त पसरलेल्या कोडला हसण्यातही अर्थ नाही. ब्रायन फूट आणि जोसेफ योडर या सॉफ्टवेअरवाल्यांनी १९९७ मध्ये अशा कोडला चिखलाचा गोळा म्हटलं खरं, पण असा कोड इतका सर्रास का आढळतो हेही त्यांनी मनापासून शोधलं. डेडलाईन असते, गिऱ्हाईक मागण्या बदलतं, आणि कोड चालत असतो.

पुढची तारीख ठरलेली आहे. बऱ्याच जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात, आणि तो आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. भारतात १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरेल, आणि पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होईल, त्या सिस्टिमला १९०१ साल दिसेल. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने ३२ बिटांच्या सिस्टिमसाठीही ६४ बिटांची सोय केली आहे, पण ज्यांच्या कोडमध्ये वेळ ३२ बिटांत धरणारे व्हेरिएबल शंभर फायलींत विखुरलेत त्यांनी आत्तापासून शोधायला घ्यावं, आणि शोधताना वेळेचं सगळं एका तुकड्यात आणून ठेवावं.