बारा बाइटांचा हुकूम

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवरचा कर्सर आपोआप सरकायला लागला. ऑपरेटरने माउस हलवून पाहिला, दाद नाही. एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, उघडत गेला. तीन कंपन्यांची मिळून सुमारे ३० उपकेंद्रं बंद, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात.

चोर काही महिने आधीच आत आले होते. ईमेलमधली फाइल उघडून कुणीतरी मॅक्रो (फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्रॅम) चालू केला, मग पासवर्ड चोरीला गेले. व्हीपीएनला, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायच्या वाटेला, ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हती. वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडला की आत कोणी हटकत नाही, तसंच झालं.

कारखान्यांतली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषाही अशीच भोळी. १९७९ सालचा मॉडबस घ्या. टीसीपीवरून (नेहमीच्या नेटवर्कवरून) 'हे कॉइल चालू कर', म्हणजे अमुक स्विच चालू कर, हा हुकूम जेमतेम १२ बाइटांचा: व्यवहार क्रमांक २, प्रोटोकॉल क्रमांक २, लांबी २, युनिट १, फंक्शन कोड (काय करायचं त्याचा आकडा) १, पत्ता २, मूल्य २. हुकूम सोडणारा कोण, हे लिहायला जागाच नाही! त्यामुळे पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, कुणाचंही ऐकतो.

यावरचा उपाय म्हणजे झिरो ट्रस्ट, दर वेळी प्रत्येकाला तपासायची पद्धत. तिच्यात 'आतला' म्हणून कुणाला सूट नसते. जुन्या पीएलसीत नवं सॉफ्टवेअर घालता येत नाही, म्हणून त्याच्या पुढ्यात गेटवे, म्हणजे येणारा हुकूम तपासणारा पहारेकरी, बसवतात. तो फंक्शन कोड वाचतो. ०३ म्हणजे नुसतं रजिस्टर (पीएलसीत साठवलेला आकडा) वाचणं, ते जाऊ द्यायचं. ०५ आणि ०६ लिहिणारे. ते ठरलेल्या मशीनवरून, ठरलेल्या पत्त्यांनाच. व्हेंडरचा इंजिनिअर बाहेरून येणार असेल तर परवानगी एका उपकेंद्रापुरती, दोन तासांची. सुरुवातीचे काही आठवडे गेटवेने काहीही अडवायचं नाही, फक्त नोंदी ठेवायच्या. नाहीतर महिन्यातून एकदाच चालणारं बॅकअप नेमकं अडकतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे नियम काढून टाकले जातात.

'झिरो ट्रस्टचं खोकं' विकणारा आणि सर्व्हर रॅकला लिंबू-मिरची बांधणारा, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

रिलेचे (बिघाड ओळखणाऱ्या यंत्राचे) ट्रिप संदेश, म्हणजे 'ब्रेकर लगेच उघड' हे हुकूम, मात्र ४ मिलिसेकंदांत पोचावे लागतात. त्या वाटेत पडताळणीचा सर्व्हर घालायचा नाही. शिवाय तो सर्व्हरच बसला तर? सीलबंद पाकिटातलं आणीबाणीचं खातं हवं, आणि हाताने ब्रेकर चालवता येणारी माणसंही हवीत. युक्रेनमध्ये कंट्रोल रूमचे हुकूम उपकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत पोचवणाऱ्या कन्व्हर्टरांचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) पुसलं गेल्यावर कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातानेच ब्रेकर लावले. एक ते सहा तासांत वीज परत आली.