ओट्यावरचा पांढरा डाग

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकाचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. त्यावर एक गोल पांढरट डाग आहे. कोणीतरी अर्धं लिंबू पालथं ठेवून रात्रभर विसरलं, त्याची ही खूण. आईने तो किती दिवस घासला, निघेना. निघणार कसा? तो डाग नाहीच. तिथला दगडच खाल्ला गेलाय.

कडप्पा म्हणजे चुनखडक, त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातलं सायट्रिक आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, सोडतं, कार्बोनेट ते घेतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पॉलिश गेलेला खरखरीत दगड मागे उरतो. हायड्रोजन आयन देणारं ते आम्ल, घेणारी ती आम्लारी. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं ज्या बेसाल्टमध्ये कोरलंय तोही काळाच, पण तो मुळात कार्बोनेटचा दगड नाही. लिंबाने तो फसफसत नाही.

आम्लता मोजायची ती सामूने, म्हणजे pH ने. हे माप 1909 मध्ये सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने काढलं, तेही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांकडे! शुद्ध पाण्याचा सामू 7, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. फरक पाचाचाच वाटतो, पण इथे आकडा एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. म्हणजे लिंबाच्या रसात हायड्रोजन आयन पाण्याच्या जवळपास लाखपट. मिसळ हाणून ‘अ‍ॅसिडिटी झाली’ म्हणतो खरं, पण जठरात आम्ल रोजच असतं. ते वर अन्ननलिकेत चढलं की जळजळतं.

7 च्या वरची बाजू हळद दाखवते. सदऱ्यावर आमटी सांडली आणि साबण लावला की पिवळा डाग एकदम तांबडा होतो. साबणाचं पाणी आम्लारीधर्मी, आणि हळदीतलं कुर्क्युमिन त्यात रंग बदलतं. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. हळदीला चुना लावून कुंकू करत, त्यातली लाली हीच.

आईने शेवटी शेजारणीचं ऐकून ओट्यावर खायचा सोडाही चोळला. रस ताजा असता तर सोड्याने आवरला असता; झिजलेला दगड तो कुठून भरून देणार? आता त्या जागी मिठाची बरणी असते.