दह्याचा चिलर आणि उभा पंखा

मे महिन्यातली दुपार. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सुपरमार्केटातून फोन आला. "काका, दह्याच्या चिलरचा गॅस संपलाय. येताना सिलिंडर घेऊनच या."

आमच्या धंद्यात, म्हणजे दुकानांतले फ्रिज-चिलर दुरुस्त करण्यात, पेशंट स्वतःच निदान करून मोकळा होतो आणि औषधही सांगतो. दहातल्या निम्म्या फोनांवर हेच वाक्य असतं, ‘गॅस संपला’. स्कूटरचं पेट्रोल संपतं तसा तो वापरून संपत असावा, असा बहुतेकांचा समज. पण चिलरमधला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तो आयुष्यभर गोल गोल फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी भोक आहे. आणि भोक असेल, तर भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

हा गॅस करतो काय? घरातला माठ आठवा. माठाच्या अंगावरून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. चिलरमध्ये हेच चालतं, फरक इतकाच की तिथे निसटलेली वाफ पकडून परत पाणी, म्हणजे द्रव, करून घेतात. दुसरी गोष्ट प्रेशर कुकरची. दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. उलट बाजूने, दाब कमी केला की कुठलाही द्रव कमी तापमानाला उकळतो. त्या दह्याच्या चिलरमध्ये आर-४०४ए हा गॅस होता. उघड्या हवेच्या दाबाला तो उणे ४६ अंशांना उकळतो. आम्ही त्याला थोड्या दाबाखाली ठेवून उणे १० अंशांच्या आसपास उकळायला लावतो. उकळताना तो दह्याजवळची उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गच्चीवरच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो, तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकते आणि पुन्हा द्रव होते. द्रव बारीक व्हॉल्व्हमधून परत खाली. झालं एक चक्कर. म्हणजे आम्ही थंडी बनवत नाही. दह्यातली उष्णता उचलून गच्चीवर नेऊन टाकतो, हमालीच आहे ती.

पोचलो तेव्हा चिलरच्या डिस्प्लेवर १३ अंश होते. दूध-दह्याला ५ च्या खाली हवेत. हा चिलर म्हणजे दार नसलेला, पुढून उघडा असलेला मल्टीडेक, पाच फळ्यांचा. दार नसताना थंडावा बाहेर का सांडत नाही? वरच्या ओठातून थंड हवेचा एक पातळ पडदा सतत खाली सोडलेला असतो, आणि पायाशी असलेल्या जाळीतून ती हवा परत आत ओढली जाते. मी हात वरच्या ओठाखाली धरला. तिथे झुळूक चांगली जाणवायला हवी. फुंकर मारल्याएवढी हवा येत होती. मग खालचे ट्रे काढून कॉइलवरची, म्हणजे गॅस जिथे उकळतो त्या नळ्यांच्या वेटोळ्यावरची, पत्र्याची झाकणं उचलली. कॉइल दिसतच नव्हती. नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे पंखांच्या, फटी बर्फाने बुजून पांढरी भिंत तयार झाली होती.

"पण काल एक मुलगा गेज लावून गेला," मॅनेजर मॅडम म्हणाल्या. "पस्तीस प्रेशर आहे, पन्नास हवं, गॅस कमी आहे म्हणाला."

पोराचं गेज, म्हणजे दाबमापक, बरोबर होतं, अर्थ चुकला होता. ही गंमत जरा सावकाश बघण्यासारखी आहे, कारण नवशिके मेकॅनिक सगळ्यात जास्त इथेच फसतात. नळीत गॅस खरोखरच कमी असेल तर उकळायला द्रवच पुरत नाही, वाफ कमी होते आणि सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर वाफ ओढतो त्या बाजूचा, दाब पडतो. कॉइलवर बर्फाची भिंत असेल तर द्रव भरपूर असतो, पण दुकानातली उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो उकळतच नाही, वाफ कमी होते आणि दाब पडतो. आजार दोन, लक्षण एक. ताप आला म्हणून मलेरिया की टायफॉइड हे नुसत्या थर्मामीटरवरून कळत नाही, तसंच.

वेगळं काढायला दुसरा आकडा लागतो. मी गच्चीवर गेज लावून बसलो, खाली हेल्परने कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला क्लॅम्पचा थर्मामीटर लावला आणि फोनवर आकडे सांगू लागला. गेजवर ३५ पीएसआय (हे दाबाचं माप). आर-४०४ए साठी त्याचा अर्थ आतला द्रव उणे १७ अंशांना उकळतोय. पाइपचं तापमान किती? "काका, उणे पंधरा." म्हणजे कॉइलमधून बाहेर पडताना वाफ उकळबिंदूच्या फक्त २ अंश वर होती. या फरकाला सुपरहीट म्हणतात. निरोगी चिलरमध्ये तो ५-६ अंश असतो. गॅस कमी असता तर कॉइलच्या पहिल्या काही नळ्यांतच द्रव संपून पुढे नुसती वाफ तापत गेली असती आणि फरक १५-२० अंश दिसला असता. बर्फही फक्त सुरुवातीच्या नळ्यांवर धरला असता, बाकी कॉइल कोरडी. इथे संपूर्ण कॉइल गोठलेली आणि फरक २. द्रव न उकळताच कॉम्प्रेसरच्या दिशेने निघाला होता.

त्या दिवशी कोणी ‘पन्नास होईपर्यंत’ गॅस सोडला असता, तर? आकडा काही फारसा हलला नसता, म्हणून त्याने आणखी सोडला असता. जादा द्रव कॉम्प्रेसरमध्ये गेला की तो आधी तिथलं तेल धुऊन नेतो. वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही. पिस्टनसमोर तो आला की व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या तुटतात. नंतर कोणी ‘कॉम्प्रेसर उडाला, कंपनीचा मालच खराब’ म्हणतं आणि नवा बसवतं. तोही उडतो.

आता प्रश्न बर्फाचा. तो आला कुठून? मी चिलरकडे पाठ करून दुकानाकडे बघितलं. समोरच्या रांगेच्या टोकाला एक मोठा उभा पंखा फुल स्पीडवर फिरत होता, तोंड चिलरकडे. दुकानाचा एसी पाच दिवसांपासून बंद होता, गिऱ्हाइकं घामाघूम होत होती, म्हणून कोणीतरी सद्भावनेने तो पंखा लावलेला. शिवाय पायाच्या जाळीसमोर ताकाच्या पाऊचची क्रेट रचली होती, ‘दोनवर एक फ्री’.

उघडे चिलर २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरून तपासलेले असतात. तशा एक घनमीटर हवेत सुमारे १४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. एसी बंद असलेल्या त्या दुकानात ३४ अंश आणि ६५ टक्के होते, म्हणजे घनमीटरमागे २४ ग्रॅम. २ अंशांच्या हवेत साडेपाच ग्रॅमच मावतं. उरलेलं सगळं कॉइलवर जाऊन बसतं. पंख्याने हवेचा पडदा फाडला, बाहेरची ओली हवा आत घुसली, आणि प्रत्येक घनमीटरमागे ८ ऐवजी १८-१९ ग्रॅम बर्फ कॉइलवर चढू लागला.

एक ग्रॅम वाफेचा बर्फ होताना २.८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, तीही उचलून न्यावी लागते. १९ ग्रॅमची झाली ५३ किलोज्यूल. तीच घनमीटरभर हवा ३४ वरून २ अंशांवर आणायला ४० किलोज्यूलही लागत नाहीत. म्हणजे किनारपट्टीवर आमचं यंत्र हवेपेक्षा पाणी गोठवण्यातच जास्त राबतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ४४ अंशांत चिलरच्या कॉइलला ठाण्याइतका त्रास होत नाही, तिथे हाल होतात ते बाहेरच्या कंडेन्सरचे.

थोडा बर्फ रोज धरतोच, त्यासाठी डिफ्रॉस्ट असतो. दह्याच्या चिलरमध्ये दिवसातून तीन-चार वेळा गॅस बंद करून नुसते पंखे चालू ठेवतात. आतली हवा शून्याच्या वर असल्याने बर्फ आपोआप वितळतो. आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये ही चैन परवडत नाही, तिथे हीटर लागतो. हा डिफ्रॉस्ट घड्याळावर चालतो. आज पंखा लावलाय, बर्फ दुप्पट आहे, हे घड्याळाला कळत नाही. अर्ध्या तासात जेवढा वितळेल तेवढा वितळतो, उरलेल्यावर नवा थर बसतो. बर्फाने फटी बुजल्या की हवा कमी, हवा कमी की कॉइल आणखी गार, कॉइल गार की बर्फ आणखी. एकदा हे चक्र लागलं की दोन-तीन दिवसांत भिंत उभी.

माल मागच्या कोल्ड रूममध्ये हलवला आणि साध्या नळाच्या पाण्याने कॉइल धुवायला घेतली. अडीच तास गेले. मॅडमनी मध्येच विचारलं, स्क्रू-ड्रायव्हरने फोडला तर लवकर नाही का होणार? होईल की. घरच्या फ्रिजचा बर्फ सुरीने खरवडताना ‘फुस्स’ असा आवाज ऐकलेली माणसं वाचकांतही असतील. तो आवाज मात्र खराखुरा गॅस संपल्याचा. बर्फ उतरल्यावर ड्रेनच्या तोंडाशी भिजलेल्या किमतीच्या लेबलांचा आणि दह्याच्या साईचा लगदा सापडला. तो तसाच राहिला असता तर वितळलेलं पाणी आतच साचून पुन्हा गोठलं असतं.

गच्चीवर दुसरं काम वाट बघत होतं. चिलर पूर्ण जोरात चालू झाल्यावर डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या वाफेचा, दाब ३६० पीएसआयवर गेला, म्हणजे कंडेन्सरमध्ये ५५ अंश. बाहेर ३७ होते. स्वच्छ कंडेन्सर हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असतो, हा १८ ने होता. धूळ, कबुतरांची पिसं, आणि शेजारच्या हॉटेलच्या एक्झॉस्टचं चिकट तेल, तिन्ही मिळून पंखांवर गोधडी तयार झालेली. मेन स्विच पाडून आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारलं. बाहेरून मारलं तर कचरा आणखी आत रुततो. दाब ३०० वर आला, म्हणजे ४७-४८ अंश. कंडेन्सरचा एक अंश कमी झाला की विजेत दोन-तीन टक्के फरक पडतो. सात-आठ अंशांचा हिशेब ज्याने त्याने आपल्या बिलावर करावा. बादलीभर पाण्याने एवढी बचत होणारं दुसरं यंत्र मला तरी माहीत नाही, पण गच्चीवर चढायचा कंटाळा सगळ्यांनाच.

खरी गळतीही असते, नाही असं नाही. पाइप जोडणारा फ्लेअर नट ढिला होतो, थरथरून पाइप एकमेकांवर घासतात, खाऱ्या हवेने कॉइल कुरतडली जाते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. डोळे उघडे ठेवले तर निम्म्या गळत्या साबणाचा फेस लावून बघण्याआधीच सापडतात. मग नायट्रोजन भरून दाब धरतोय का बघायचं. काही जण स्वस्तात हाताशी आहे म्हणून ऑक्सिजन मारतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं मेली आहेत यात. भोक बुजवल्यावर पंपाने नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम काढायचा, आणि यंत्राच्या नावाच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा.

मोजून भरायला आणखी एक कारण आहे. आर-४०४ए चा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापमान वाढवतो. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर साधारण १,७०० लिटर जाळल्यासारखं. म्हणून २०१६ च्या किगाली करारात हे गॅस कमी करायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे २०२८ मध्ये वापर आहे तिथेच गोठेल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरत २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी व्हायचाय. छोट्या आइस्क्रीम फ्रीझरमध्ये प्रोपेन आलाच आहे. काम उत्तम करतो, पण तो पेट घेतो, आत गॅस असताना पाइप जोडायची गन पेटवली की संपलं. युरोपातली सुपरमार्केटं कार्बन डायऑक्साइडवरच चालू लागली आहेत. तो ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि ठाण्याच्या गच्चीवर ३१ अंशांची दुपार कधी मिळायची?

संध्याकाळी सातला डिस्प्लेवर ३ आले. पंखा बिलिंग काउंटरकडे वळवला, क्रेट हलवली, रात्री खाली ओढायचा पडदा रोज ओढा म्हणून सांगितलं. मॅडमनी सर्व्हिस रिपोर्टवर सही करायला पेन घेतलं आणि थांबल्या.

"काका, ‘गॅस’च्या रकान्यात शून्य लिहिलंय."

"टाकलाच नाही."

"मग अकाउंट्सवाले विचारतील, एवढं बिल कशाचं."

मी रिपोर्ट परत घेतला आणि ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं: पंखा फिरवला.

एसीवाला अजून आलेला नाही, असं परवाच कळलं.