खळ्यापासून मृगापर्यंत : सोलापूरच्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी

चैत्र लागला की सोलापूरच्या जुन्या पेठांतल्या माळवदांवर आणि नव्या वस्त्यांतल्या गच्च्यांवर पहाटेच बाजा टाकल्या जातात. त्यांवर धुतलेली धोतरे अंथरली जातात आणि ऊन तापायच्या आत कुरडया पडू लागतात. गावोगावी हरिनाम सप्ताहाचे मांडव उभे राहतात, वाकळी, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवायला निघतात आणि माहेरवाशिणी मुलांना घेऊन येतात. हे सारे आपण ‘उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या गमती’ म्हणून आठवतो. पण त्याचा शाळेच्या सुट्टीशी संबंध बराच नंतर आला. या आनंदाचे मूळ ज्वारीच्या पिकात आहे.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत सुगी दिवाळीच्या आगेमागे येते. सोलापूरचे तसे नाही. येथे वर्षाला सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा, आणि त्यातला खात्रीचा वाटा सप्टेंबरचा. त्यामुळे भीमा आणि सीना यांच्या काठच्या खोल काळ्या रानात शेतकरी पावसाळाभर जमीन मोकळी ठेवून ओल मुरू देतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ज्वारी पेरतो. पुढे पाऊस आला नाही तरी पीक त्या मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तग धरते. जानेवारीत हुरडा होतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. मळणी उरकून धान्य घरात येईपर्यंत पाडवा आलेला असतो. त्यानंतर जूनमध्ये मृग निघेपर्यंत रानात नांगरट आणि काडीकचरा वेचणे यापलीकडे फारसे काम नसते. घरात वर्षाचे धान्य आहे, हाताला सवड आहे आणि डोक्यावर बेचाळीस अंशांचे ऊन आहे, असे हे दोन-अडीच महिने. ‘उन्हाळा’ म्हणून जे काही या भागात घडले, ते या मोकळ्या जागेत घडले.

ही ज्वारीही येथलीच. मालदांडी या स्थानिक वाणातून निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात तयार झाले.  त्याच सुमारास, १९३३ साली, सोलापुरात कोरडवाहू शेतीवरील संशोधनाचे काम सुरू झाले. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तेथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे भाकरीची चव बदलत नाही हे खरे, पण कोरडवाहू पिकाला असा मान क्वचितच मिळतो.

सुगीचा जुना थाट खळ्यावर होता. ज्वारी उपटून पेंढ्या बांधायच्या, त्यांचे बुचाड, म्हणजे ढीग, रचायचे, मग कणसे मोडून सारवलेल्या खळ्यात पसरायची. मध्ये रोवलेल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, आणि वारा सुटला की वावडीवर, म्हणजे उंच घडवंचीवर, उभे राहून मळलेला माल वारायचा. दाणे पायाशी, भुसकट पलीकडे. रास पडली की तिची पूजा होई आणि तेथेच सुतार, लोहार, चांभार, न्हावी, गुरव आपापले बलुते घेऊन जात. धान्य घरी नेण्याआधी गावाचा वाटा काढला जाई, म्हणूनच सुगी ही एका घराची राहत नसे. अर्थात हा वाटा सर्वांना सारख्या मानाने मिळत नव्हता. संत चोखामेळा यांचा अंत १३३८ साली याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते अंगावर कोसळून झाला. त्यांची पुण्यतिथी वैशाखातली आहे. खळ्याच्या गोडव्याबद्दल लिहिताना ती तिथी विसरून चालत नाही.

उन्हाळा आणि श्रद्धा यांचा सांधाही धान्यानेच जुळवला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुर्गादेवीच्या दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा येथे घरोघरी सांगितली जाते. त्याही आधी, बाराव्या शतकात, महात्मा बसवेश्वरांनी कलचुरी बिज्जलाच्या पदरी मंगळवेढ्यात कारभार पाहिला असे परंपरा सांगते, आणि त्यांच्या विचारात ‘कायक’ आणि ‘दासोह’ हे दोन शब्द केंद्रस्थानी आहेत: श्रमाने मिळवावे आणि मिळवलेले समाजासह वाटून खावे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्याच काळातले. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचे भक्त असलेल्या सिद्धरामांनी लोकांच्या श्रमातून तळे खोदवले आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यांची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला, म्हणजे पीक अजून रानात उभे असताना भरते. बसवजयंती मात्र येते अक्षय्य तृतीयेला, येथल्या बोलीत अखितीला, आणि तोवर कणग्या भरलेल्या असतात. त्या दिवशीच्या पंगतीत गव्हाची गुळ घातलेली हुग्गी वाढली जाते. ती पातळ झाली की घट्ट झाली यावर दरवर्षी तेवढ्याच तावातावाने चर्चा होते.

वारकरी गावांतही हेच गणित दिसते. पंढरपूरच्या चार वाऱ्यांपैकी चैत्री वारी सुगीनंतरची, आणि अक्कलकोटला स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीची. स्वामींनी १८७८ साली तेथे देह ठेवला. माळशिरसच्या बाजूने शिखर शिंगणापूरच्या कावडी जातात त्याही चैत्रातच. अनेक गावांचे सप्ताह याच दिवसांत बसतात, कारण घरटी शिधा मागायचा तर घरात धान्य हवे आणि रात्रभर वीणा धरायची तर सकाळी रानात जाण्याची घाई नको. या प्रवासांची शिदोरी म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर आणि मग आचेवर पाण्याचा अंशही न उरेल इतकी भाजली की ती पापडासारखी वाजते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. तिच्यासोबत कुटलेल्या शेंगांची चटणी असली की वाटेत चूल मांडावी लागत नाही.

वाळवणांकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतो आणि त्याचे पाणी रोज बदलावे लागते, नाही तर आंबूस वास राहतो. मग वाटून, पिळून, गाळून रात्रभर चीक बसवायचा. पहाटे वरचे पाणी ओतून देऊन तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा. हे काम एकटीचे नव्हेच, कारण एकीने ढवळायचे, दुसरीने पातेले धरायचे आणि तिसरीने सोऱ्या भरत राहायचे. शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन त्यावर साखर घालून खाण्यासाठी मुले अंथरुणातून आपणहून उठतात. वर्षभरात त्यांना पहाटे उठवावे लागत नाही असा बहुधा हा एकच दिवस. शेवयांचे काम याहून निगुतीचे. पाट तिरपा लावून मळलेल्या रव्याची लांब तार हातावर वळत खाली सोडायची आणि ती न तुटू देता काठीवर वाळत घालायची. आमच्या आळीत ज्या घरी पाट लागे, तेथे बाकीच्या घरच्या बायका जात आणि दुसऱ्या दिवशी पाट पुढच्या घरी जाई. हा फेर संपायला पंधरवडा लागे. त्यात कोणाला मजुरी नसे, पण कोण आले नाही याची नोंद मात्र चोख राही.

शहराने या उन्हाळ्यात आपली भर घातली. १८६० साली रेल्वे आली आणि १८७०च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच लोकांची ‘जुनी मिल’, उभी राहिली. त्याच दशकातल्या १८७६-७८च्या दुष्काळाने गाव सोडायला लागलेल्यांना गिरणीचे दार दिसले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घरोघरी माग लावले. अशा घरांत उन्हाळ्याला सवड नव्हती, कारण गिरणीचा भोंगा आणि मागाचा खटखटाट नक्षत्र पाहून थांबत नाही. तरीही गावाकडची ज्वारी, पापड्या आणि सांडगे शहरात येत आणि शहरातून गावाकडे कापड जाई. दोन्हीकडच्या जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची वाकळ होई. बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचे, चार बाया चार बाजूंनी बसल्या तर दोन-तीन दुपारींत काम उरकते. जॅकार्ड मागावर विणलेली सोलापुरी चादर ही महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणारी पहिली वस्तू ठरली. ती देशभर थंडीसाठी विकत घेतली जाते. सोलापूरकर मात्र मे महिन्यात ती गच्चीवर अंथरून तिच्यावर झोपतात.

ज्वारी आणि उन्हाळा यांचा हा सांधा सैल झाला तो पाण्याने. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि कालव्याच्या भागात ज्वारीच्या जागी ऊस आला. पैसा आला, ही गोष्ट मोठी आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण उसाला सर्वांत जास्त पाणी एप्रिल-मे महिन्यांत लागते, म्हणजे जो काळ मोकळा होता तोच सर्वांत अडचणीचा झाला. बैलांच्या पातीची जागा मळणी यंत्राने घेतली आणि काही दिवसांची रास काही तासांवर आली. बलुते तर त्याआधीच विरले होते. शेवया यंत्रावर निघतात, कुरडया आणि कडक भाकरी बचत गटांकडून पाकिटात मिळतात, आणि ज्या बायका पूर्वी पाटाच्या फेऱ्यात बिनमोबदला बसत त्यांतल्या अनेकींच्या हातात त्यामुळे प्रथमच स्वतःचे चार पैसे पडतात.

सप्ताहांच्या तिथी मात्र अजून ज्वारीच्याच आहेत. ऊसपट्ट्यातल्या गावात रात्रीचे कीर्तन रंगात आले की मांडवाच्या कडेला बसलेले दोघे-तिघे घड्याळ पाहून हळूच उठतात, कारण शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असते. ते दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उसात जातात आणि काकड्याच्या वेळी चिखलाचे पाय धुऊन पुन्हा मांडवात येऊन बसतात.