‘मापात बसली की चालते’: इलेक्ट्रिक कारच्या १२ व्होल्ट बॅटरीविषयीचा गैरसमज

इलेक्ट्रिक कारला स्टार्टर मोटर नसते, म्हणून तिला मापात बसेल ती कोणतीही १२ व्होल्टची बॅटरी चालते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातले पहिले विधान खरे आहे, निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. मुख्य बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, याच छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. साधी द्रव आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सोडते, त्यामुळे मूळ १२ व्होल्टची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचीच, बहुधा एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बंद बॅटरी), घ्यावी आणि वायू बाहेर नेणारी बारीक नळी असल्यास ती नव्या बॅटरीच्या छिद्रात आठवणीने घट्ट बसवावी. गाडीची चार्जिंग व्यवस्था लिथियमसाठी आखलेली नसेल, तर लिथियम बॅटरी बसवूच नये.