ट्रेडची न्याय्यता (फँटसी बेसबॉल)

फँटसी बेसबॉल लीगमध्ये, म्हणजे खऱ्या बेसबॉलपटूंचे कागदी संघ जमवून त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतल्या आकड्यांवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत, दोन संघमालकांनी आपसांत ठरवलेली खेळाडूंची अदलाबदल मान्य करायची की रोखायची, हे ठरवण्याचे निकष आणि त्याची पद्धत. खेळणारे या अदलाबदलीला ‘ट्रेड’ म्हणतात आणि ती रोखण्याला ‘व्हेटो’. सहा महिन्यांच्या सीझनमध्ये लीगमधली सर्वांत कडवट भांडणे याच दोन शब्दांवरून होतात.

भारतातल्या वाचकाला ‘फँटसी’ म्हटले की मुंबईत सुरू झालेले ‘ड्रीम ११’ आठवते. त्या प्रकारात एकच फलंदाज एकाच वेळी लाखो जणांच्या संघात असू शकतो, त्यामुळे कोणाला कोणाकडून काही मागावे लागत नाही. सीझनभर चालणाऱ्या बेसबॉल लीगमध्ये मात्र एक खेळाडू लीगमधल्या एकाच संघाचा असतो. तो हवा असेल, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशीच बोलावे लागते. न्याय्यतेचा प्रश्न तिथून सुरू होतो.

या खेळाचे आजचे रूप १९८० साली न्यूयॉर्कमध्ये आकाराला आले. लेखक डॅनियल ओक्रेंट आणि त्याचे मित्र मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेझ’ या रेस्टॉरंटमध्ये जमत. त्यावरून या पद्धतीला ‘रोटिसरी’ किंवा नुसते ‘रोटो’ असे नाव पडले. फलंदाजीचे चार आणि गोलंदाजीचे चार आकडे मोजायचे, प्रत्येक आकड्यात संघांचा क्रम लावायचा आणि क्रमानुसार गुण द्यायचे, अशी मूळ रचना होती. पुढे धावा आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) यांची भर पडून पाच अधिक पाच अशी मांडणी रुळली. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक आकड्यात पहिल्याला १२ आणि शेवटच्याला १ गुण मिळतो. म्हणजे एका आकड्यात वाटायला एकूण ७८ गुण असतात आणि दहा आकड्यांत ७८०. ही बेरीज कोणत्याही ट्रेडने बदलत नाही. पुढचे सारे विवेचन याच गोष्टीवर उभे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, ‘अ’ संघाचा सीझनअखेरचा अंदाज १७० स्टोलन बेसचा (चोरून धावत गाठलेल्या पुढच्या बेसचा) आहे आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या संघाचा १२०. म्हणजे ‘अ’कडे वेग गरजेपेक्षा जास्त आहे. सेव्हमध्ये (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी राखून देण्याच्या आकड्यात) मात्र तो ४४ वर, अकराव्या स्थानी अडकला आहे आणि त्याच्या वरचे संघ ४७, ४९, ५२, ५५ आणि ६१ वर आहेत. ‘ब’ संघाची स्थिती नेमकी उलटी आहे. सेव्हमध्ये ९५ घेऊन तो पहिला आणि त्याच्यामागचा संघ ७८ वर. स्टोलन बेसमध्ये मात्र तो ७० वर आणि त्याच्या वर ७६, ८३, ९१, ९७ आणि १०४. ‘अ’ने उरलेल्या सीझनमध्ये ३० बेस चोरेल असा धावरा खेळाडू दिला आणि ‘ब’ने १२ सेव्ह मिळवेल असा क्लोजर, म्हणजे सामन्याच्या शेवटी येणारा गोलंदाज (पिचर), दिला. ‘अ’ १४० बेससह पहिलाच राहतो आणि सेव्हमध्ये ५६ वर जाऊन चार संघांना मागे टाकतो. ‘ब’ ८३ सेव्हसह पहिलाच राहतो आणि बेसमध्ये १०० वर जाऊन तोही चार संघांना मागे टाकतो. दोघांनाही चार-चार गुणांचा फायदा.

आता हाच सौदा खेळाडूंच्या किमतीच्या एखाद्या तयार यादीत शोधला, तर धावऱ्या खेळाडूची किंमत क्लोजरच्या दुप्पट दिसू शकते. यादी बघणारा म्हणेल, ‘अ’ला लुटले. पण ‘अ’ने जे दिले त्याचा त्याला उपयोगच नव्हता. म्हणून ट्रेड तोलताना दोन खेळाडूंची किंमत समान आहे का, हा प्रश्न गैरलागू ठरतो. ट्रेडनंतर प्रत्येक संघ आपल्या जागी सुधारतो का, किंवा सुधारेल असे त्याला प्रामाणिकपणे वाटण्यासारखे कारण आहे का, हे पाहायचे असते. किमतीच्या याद्या आणि ट्रेड तपासणारी साधने बोलणी सुरू करायला चांगली. निवाडा करायला ती अपुरी आहेत. ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (दर इनिंगला हिट किंवा वॉकने बेसवर जाऊ दिलेले फलंदाज) या सरासरीच्या आकड्यांत तर त्या हमखास फसवतात, कारण साठ इनिंग टाकणाऱ्याची उत्तम सरासरी आणि एकशेऐंशी इनिंग टाकणाऱ्याची तेवढीच उत्तम सरासरी यांचे वजन एक नसते.

वरच्या उदाहरणात वाढलेले आठ गुण आले कुठून? उरलेल्या दहा संघांकडून. बेरीज ७८० वरच राहणार असल्याने दोघांचा फायदा म्हणजे इतर कोणाचा तरी तोटा. त्यामुळे ट्रेडवर सगळ्या लीगचे मत घेण्याची पद्धत मुळातच सदोष आहे. मत देणारा प्रत्येक जण प्रतिस्पर्धी असतो आणि ट्रेड जितका चांगला, तितके त्याच्या विरोधात मत देण्याचे कारण मोठे. ही पद्धत अनेक लीगमध्ये निव्वळ सवयीने चालू राहते आणि तिच्यामुळे चांगले, मेहनतीने जुळवलेले सौदे मरतात.

व्हेटोचे खरे काम साटेलोटे रोखणे हे आहे. दोन मालकांनी मिळून एकाच संघाला जिंकवायचे ठरवले, तर स्पर्धाच उरत नाही. त्याच्या खुणा बऱ्यापैकी ओळखू येतात. तळाला गेलेला संघ आपला सर्वोत्तम पिचर मित्राच्या संघाला देतो आणि बदल्यात घेतलेला खेळाडू कधी मैदानात उतरवतच नाही. एखादा खेळाडू आठवडाभरासाठी ‘उसना’ जातो आणि परत येतो. आजच्या मदतीची परतफेड पुढच्या वर्षी करण्याचे तोंडी ठरते. अशा ट्रेडमध्ये एका बाजूला ‘मी हे का केले’ याचे बेसबॉलमधले उत्तर देता येत नाही. कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, तेवढेच विचारावे. उत्तर चुकीचे असले तरी चालते, ते खरे असले पाहिजे. नवख्या मालकाने घाईत केलेला वाईट सौदा हा वाईट सौदा असतो, कट नव्हे. तो रद्द करण्यापेक्षा नव्या माणसाला सुरुवातीलाच एखाद्या अनुभवी मालकाशी जोडून देणे अधिक माणुसकीचे आहे.

प्रत्यक्ष बेसबॉलमध्येही हा प्रश्न गाजला आहे. जून १९७६ मध्ये ओकलंड ए’ज संघाचे मालक चार्ल्स फिनली यांनी जो रुडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी १० लाख डॉलरना बॉस्टन रेड सॉक्सला आणि विडा ब्लू याला १५ लाख डॉलरना न्यूयॉर्क यांकीजला विकले. करार संपून खेळाडू फुकट निघून जाण्याआधी काहीतरी पदरात पाडून घ्यावे, हा त्यांचा हिशेब. मेजर लीग बेसबॉलचे कमिशनर बोई क्यून यांनी बेसबॉलच्या हिताचे कारण देऊन तिन्ही विक्री रद्द केल्या. फिनली न्यायालयात गेले आणि हरले. क्यून यांचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण तो वापरणे शहाणपणाचे होते का, यावर अजूनही दोन मते आहेत.

‘कीपर’ लीगमध्ये, म्हणजे काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात अशा लीगमध्ये, हाच पेच दर उन्हाळ्यात उभा राहतो. अशा लीगमध्ये संघमालक सीझनआधी लिलावात खेळाडू घेतात आणि लिलावाची रूढ रक्कम प्रत्येक संघाला २३ खेळाडूंसाठी २६० डॉलर. चाळीस डॉलरचा प्रस्थापित फलंदाज देऊन तीन डॉलरचा होतकरू पोरगा घेणे, हे शर्यतीतून बाहेर पडलेल्या संघासाठी अगदी योग्य असते, कारण त्याची नजर पुढच्या लिलावावर आहे. या वर्षीच्या आकड्यांवरून पाहिले तर तो ट्रेड हास्यास्पद दिसतो. पण असे पाच-सहा सौदे झाले की विजेता ठरतो तो सर्वांत आधी फोन करणारा. त्यावर एकेका ट्रेडला व्हेटो लावत बसणे हा उपाय नव्हे. ट्रेडची अंतिम तारीख अलीकडे आणणे, संघाच्या एकूण पगारावर (खेळाडूंच्या लिलावातल्या किमतींच्या बेरजेवर) सीझनमध्येही मर्यादा ठेवणे, तळाच्या संघांना पुढच्या वर्षी काही भुर्दंड लावणे, असे उपाय आधी लिहून ठेवले तर सगळ्यांना सारखेच लागू होतात.

निवाडा ट्रेडच्या दिवशी जे माहीत होते त्यावरच व्हावा. १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट टायगर्सने अनुभवी पिचर डॉइल अलेक्झांडर याच्यासाठी मायनर लीगमधला (दुय्यम स्तरावरचा) वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जला दिला. अलेक्झांडरने उरलेल्या सीझनमध्ये नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, ईआरए १.५३, डेट्रॉइटने आपला विभाग दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह मिळवून २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवले. आज हा सौदा वेडेपणाच्या यादीत घालतात. त्या ऑगस्टमध्ये मात्र तो दोन्ही संघांच्या गरजांना चोख बसणारा होता आणि कोणत्याही कमिशनरने तो मान्यच केला असता.

दोन देऊन एक घेण्याच्या ट्रेडमध्ये लीगची खोली पाहावी लागते. मेजर लीगच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगचे खेळाडू वापरणाऱ्या दहा संघांच्या मिश्र लीगमध्ये रिकाम्या झालेल्या जागी बऱ्यापैकी खेळाडू सहज मिळतो, म्हणून मोठा खेळाडू घेणाऱ्याचे पारडे जड राहते. फक्त नॅशनल किंवा फक्त अमेरिकन लीगचे खेळाडू वापरणाऱ्या बारा संघांच्या लीगमध्ये कोणी न घेतलेले खेळाडू आठवड्यातून दोनदाच मैदानात उतरतात. तिथे दोन मध्यम खेळाडू देणे खरोखर महागात पडते. कॅचरसारख्या टंचाईच्या जागेलाही हेच लागू आहे.

नियम आधी लिहिलेले नसले की वाद माणसांवर येतो. मे २०२२ मध्ये सिनसिनाटीत सामन्याआधी बेसबॉलपटू टॉमी फॅम याने प्रतिस्पर्धी संघातल्या जॉक पीटरसनच्या थोबाडीत मारली, तेव्हा कारण निघाले फँटसी फुटबॉल लीगमधला जखमी खेळाडूंच्या जागेविषयीचा नियम. त्या लीगचा कमिशनर होता नामवंत बेसबॉलपटू माइक ट्राउट. फॅमला तीन सामन्यांची बंदी झाली.

म्हणून बहुतेक जुन्या लीग निर्णय कमिशनरकडे देतात, तो स्वतः ट्रेडमध्ये असेल तर दुसऱ्या ठरलेल्या व्यक्तीकडे, आणि व्हेटो लावल्यास त्याचे कारण लेखी द्यायला लावतात. तपासणीला एक-दोन दिवसांची मुदत असते. या मुदतीत एखादा खेळाडू जखमी झाला तर काय, याचे उत्तर बहुधा असे असते: दोघांनी ‘हो’ म्हटले त्या क्षणी ट्रेड झाला, जखम घेणाऱ्याच्या माथी. दोघांनी मिळून रद्द करायचे ठरवले, तरच तो मोडतो.