मागचा अ‍ॅक्सल : छोट्या रेसिंग कारसाठी निवड

इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना, अशा हलक्या रेसिंग कारमध्ये प्रॉपेलर शाफ्टने आलेला जोर काटकोनात वळवून दोन्ही चाकांना देणारा आणि त्याच वेळी गाडीचे मागचे वजन पेलणारा भाग म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. हाउसिंग, त्यातले क्राउन-पिनियन (जोर काटकोनात वळवणारी दातेरी चाकांची जोडी) व डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), चाकांपर्यंत जाणारे दोन हाफ शाफ्ट आणि टोकांची बेअरिंगे व हब, अशी त्याची घडण. पद्मिनी टॅक्सीच्या आणि अ‍ॅम्बॅसडरच्या मागे हाच प्रकार असे. छोट्या रेसिंग कार बनवणारे तो सहसा स्वतः घडवत नाहीत, एखाद्या घरगुती मोटारीचा घेऊन बसवतात. मूळ मोटारीत त्याला कधी न पडलेले काम मग रेसमध्ये पडते आणि खरी परीक्षा तिथे होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन. 1957 मध्ये आलेल्या या साधारण 500 किलोच्या गाडीला आधी नॅश मेट्रोपॉलिटनचा अ‍ॅक्सल होता. 1960 च्या दुसऱ्या मालिकेत स्टँडर्ड कम्पॅनियन या छोट्या इस्टेट गाडीचा आला. तो हलका होता, पण अ‍ॅक्सलला जागेवर धरणारा ‘ए’ आकाराचा दांडा त्याच्या हाउसिंगच्या तळाशी जोडलेला होता. वळणावरचा आणि ब्रेकचा जोर थेट डिफरन्शियलच्या कवचावर येई. कवच लवे, तेल गळू लागे, पुढे तडे जात. मूळ गाडीत पाट्यांच्या स्प्रिंगा हा भार अ‍ॅक्सलच्या नळ्यांवर घेत असत. 1968 च्या तिसऱ्या मालिकेत फोर्ड एस्कॉर्टचा जास्त दणकट अ‍ॅक्सल आला. म्हणून अ‍ॅक्सल निवडताना सस्पेन्शनचे दांडे त्याला कुठे पकडणार हे पहिल्यांदा पाहावे. बरेच जण ते शेवटी पाहतात.

दुसरा मुद्दा टायरचा. ड्रायव्हरसह 600 किलोची गाडी सुटताना मागच्या चाकांवर साधारण 380 किलो भार येतो असे धरू. चाकाची त्रिज्या 28 सेंमी आणि घर्षणगुणांक 1 असेल, तर दोन्ही चाके मिळून सुमारे 1,050 न्यूटन-मीटरला घसरतात. इंजिनाचे 130 न्यूटन-मीटर पहिल्या गिअरमधून (3.3) आणि क्राउन-पिनियनमधून (3.9) आले की सुमारे 1,670 होतात. म्हणजे साधा टायर आधी घसरतो आणि फ्यूजसारखा अ‍ॅक्सलला वाचवतो. घर्षणगुणांक 1.5 असलेले स्लिक (खाचा नसलेले, जास्त पकडीचे) टायर लावले की ही मर्यादा 1,550 च्या पुढे जाते. वर क्लच झटक्यात सोडला की फिरत्या फ्लायव्हीलचा दणका वेगळाच. इंजिनाला हात न लावता नुसते टायर बदलल्यावर शाफ्ट तुटतात, ते यामुळे.

शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 25 मिमीऐवजी 28 मिमीचा शाफ्ट घेतला तर ती 40 टक्क्यांनी वाढते, वजन मात्र पाव पटीनेच. तुटलेला शाफ्ट फेकून देण्याआधी त्याचे तोंड नीट पाहावे. एका कडेला गुळगुळीत, काळपट भाग आणि त्यावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा दिसल्या, तर तडा बरेच दिवस वाढत होता. उरलेला दाणेदार, चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. हा तडा बहुधा स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे उभे दाते) जिथे संपतात तिथे किंवा हबच्या चावीच्या खाचेत सुरू होतो. रेसिंगचे चांगले शाफ्ट ईएन 24 सारख्या निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे असतात. त्यांचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक ठेवतात, म्हणजे पीळ एका जागी न साचता सगळ्या लांबीत वाटला जातो.

शाफ्ट तुटल्यावर काय होते, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये चाक शाफ्टच्याच टोकाला असते, त्यामुळे शाफ्टबरोबर चाकही निखळू शकते. फुल-फ्लोटिंगमध्ये हब हाउसिंगच्या नळीवर स्वतंत्र बेअरिंगांवर बसतो आणि शाफ्ट फक्त पीळ सोसतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. ट्रक-बसना हीच रचना असते. खर्च आणि थोडे वजन वाढले तरी स्लिक टायरवर धावणाऱ्या गाडीला फुल-फ्लोटिंग हबच घ्यावेत.

डिफरन्शियल वेल्डिंगने जाम केले, तर एक चाक उचलले जाताच सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. तेव्हा शाफ्ट त्या हिशेबाने जाड हवेत. क्राउन-पिनियनचे गुणोत्तर वाढवले की त्याच मापाच्या क्राउनसाठी पिनियन लहान होतो आणि त्याचे दात आधी जातात. हाउसिंगमधली हवा सुटण्याचे भोक बुजले तर तापलेले तेल सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरते. दोन मिनिटांत साफ होणारे हे भोक दर रेसआधी तपासावे.

एस्कॉर्टवाल्यांमध्ये ‘इंग्लिश’ आणि ‘अ‍ॅटलस’ हे फोर्डचे दोन अ‍ॅक्सल प्रसिद्ध आहेत. इंग्लिशचे डिफरन्शियल पुढून अख्खे बाहेर निघते, त्यामुळे ट्रॅकप्रमाणे गुणोत्तर बदलणे सोपे जाते. अ‍ॅटलस मागच्या झाकणाचा, जास्त मजबूत आणि जड. रॅलीच्या जोरदार एस्कॉर्टना तो लागतो. 500 किलोच्या गाडीत मात्र स्प्रिंगखालचे हे जादा वजन खडबडीत वळणावर चाकांची पकड घालवते, म्हणून तिथे चांगले शाफ्ट घातलेला इंग्लिशच योग्य. सेव्हनचे हक्क 1973 मध्ये घेतलेल्या केटरहॅमने पुढे मॉरिस इटालचा अ‍ॅक्सल वापरला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून डिफरन्शियल चासीवर बसवणारी द दियाँ रचना आणून त्यांनी हे वजन स्प्रिंगांच्या वर नेले.